पाकिटातली ईश्वरचिठ्ठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'आकडा' म्हटलं की आपल्याकडे चटकन दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक मटक्याचा आकडा आणि दुसरा विजेच्या तारेवर टाकायचा आकडा. दोन्हींच्या मागे पोलीस असतात. आज मी तिसऱ्याच आकड्याविषयी बोलणार आहे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी जो कधी बसत नाही, नाडी धरत नाही, सुई टोचत नाही, पण त्या माणसाला कुठलं औषध द्यायचं हे अखेर ज्याच्या कागदावर ठरतं, त्या संख्याशास्त्रज्ञाचा आकडा. मी कवी माणूस, बी.ए. झालेला. माझी मोजणी मात्रांच्या पुढे जात नाही. पण मलेरिया, क्षय, काळा आजार यांची औषधं कशी ठरली याविषयी वाचू लागलो, तेव्हा डॉक्टरांच्या मागे सारखा हाच माणूस उभा दिसू लागला. पुरस्कार देताना याला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन चिठ्ठ्या, एक डबा आणि समोरच्या शाळेतलं एक पोर. पोराने काढली ती चिठ्ठी खरी. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. हजला जाणाऱ्यांचे अर्ज कोट्यापेक्षा जास्त आले की आमच्याकडेही असंच करतात, त्याला कुर्रा म्हणतात. नाव निघालं तर बोलावणं आलं, नाही निघालं तर अजून आलं नव्हतं, असं म्हणून घरातली म्हातारी माणसं पुढच्या वर्षीचा अर्ज भरायला घेतात. जागा थोड्या, मागणारे पुष्कळ आणि कुणाचा हक्क मोठा ते सांगता येत नाही, अशा वेळी निवड माणसाच्या हातातून काढून घेणं हाच न्याय, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून कळलेलं आहे.

पण हीच चिठ्ठी दवाखान्यात काढली तर? समजा, तुमच्या पोराला मलेरिया डोक्यात चढलाय. त्याचे डोळे पांढरे झालेत. डॉक्टर म्हणतात, औषधं दोन आहेत, यातलं कुठलं द्यायचं ते या बंद पाकिटात लिहिलंय. पाकीट फोडू आणि जे निघेल ते देऊ. तुम्ही त्याची गचांडी धराल. मीही धरीन.

तरीही हे पाकीट ज्याने डॉक्टरांच्या हातात दिलं, त्या माणसाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्याचं नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. जन्म १८९७ चा, लंडनचा. वडील शरीरशास्त्राचे नावाजलेले संशोधक, त्यामुळे मुलाने डॉक्टर व्हायचं हे जवळजवळ ठरलेलं. पहिलं महायुद्ध आलं आणि हा पोरगा नौदलाच्या विमानदळात वैमानिक झाला. पूर्व भूमध्य समुद्रात, दार्दानेल्सच्या बाजूला पाठवला गेला आणि तिथून क्षय घेऊन परतला. हा वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. जवळजवळ २ वर्षं तो अंथरुणावर होता. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून ते हवा भरून दाबून ठेवायचे, तो उपचारही त्याच्यावर झाला. त्या काळात क्षयाला औषध नव्हतंच, होतं ते अंथरूण आणि देव. डॉक्टरकीच्या दगदगीला हे शरीर पुरणार नाही हे उघड होतं. मग पडल्यापडल्या त्याने टपालाने अर्थशास्त्राचा अभ्यास केला, पदवी घेतली आणि तिथून संख्याशास्त्राकडे वळला. ज्याला मरायचं होतं तो १९९१ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षं जगला.

हिलने १९३७ मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात डॉक्टरांसाठी संख्याशास्त्रावर एक लेखमाला लिहिली. एका औषधाची दुसऱ्याशी तुलना कशी करायची, रुग्णांचे गट कसे पाडायचे, असं सगळं तीत होतं. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडा, हे मात्र त्याने मुद्दाम स्पष्ट लिहिलं नाही. पुढे म्हातारपणी त्याने याचं कारण सांगितलं. डॉक्टर बिचकतील, म्हणून त्याने ते शब्द गाळले होते. आधी त्यांना एकाआड एक रुग्ण घ्यायची सवय लागू दे, मग पुढचं बघू. मला हा माणूस इथेच आवडला. सत्य माहीत असूनही ते किती घोटांत पाजायचं याचं त्याला भान होतं.

चिठ्ठीला मराठी पुस्तकांत 'यादृच्छिक निवड' असा शब्द आहे. शब्द बरोबर असेल, पण तो तोंडात घोळत नाही. मी ईश्वरचिठ्ठीच म्हणणार.

पण चिठ्ठी कशाला हवी? डॉक्टरांना नसतं का कळत कुणाला काय द्यावं? त्यासाठी जरा मुंबईत येऊ. १८९७ च्या जानेवारीत, ऐन प्लेगात, वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना आपली नवी लस टोचली. कैद्यांपैकी साधारण निम्मे आपण होऊन पुढे आले, बाकीचे आले नाहीत. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. हाफकिन यांचं मोठेपण मी कमी करत नाही. त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतलं होतं. पण संख्याशास्त्रज्ञ इथे एक खवचट प्रश्न विचारतो. जे पुढे आले ते कोण होते? अंगापिंडाने धड असलेले, जगायची उमेद असलेले? आणि मागे राहिले ते आधीच खंगलेले, घाबरलेले? तसं असेल तर दोन गटांतला फरक लशीचा किती आणि माणसांचा किती, हे कसं सांगणार?

डॉक्टरच्या हातात निवड दिली तर हीच गोष्ट उलट्या बाजूने होते. डॉक्टर दयाळू असतो. नवं औषध तो सगळ्यात जास्त आजारी माणसाला देतो. मग तो माणूस मेला की औषध वाईट ठरतं. किंवा डॉक्टर आशावादी असतो, ते औषध तो तरण्याताठ्या रुग्णाला देतो आणि मग औषध फारच गुणाचं ठरतं. दोन्हीत कुणी लबाडी केलेली नसते. हिलला लबाडीची भीती नव्हतीच. भीती होती ती डॉक्टरच्या चांगुलपणाची.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन सापडलेलं होतं. ब्रिटनकडे डॉलर नव्हते, औषध मिळालं ते जेमतेम. सगळ्यांना पुरणार नाही हे नक्की होतं. हिल म्हणाला, नाहीतरी बहुतेकांना मिळणारच नाही, तर निदान चिठ्ठ्या टाकून वाटू या, म्हणजे त्याचा उपयोग होतो का ते तरी कळेल. या कामासाठी वापरायची आकड्यांची पुस्तकं तेव्हा मिळत. १९२७ मध्ये टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ४१,६०० अंक पानांमागून पानं छापले होते, ज्यांत कुठलाही क्रम नव्हता. मुक्तछंदालाही काही लय असते. या पुस्तकाला तीही नाही आणि तोच त्याचा गुण. अशा आकड्यांवरून रुग्णालयात बंद पाकिटं ठेवली गेली. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं ठरल्यावरच त्याचं पाकीट फोडायचं.

१०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि पडून विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. क्ष-किरणांचे फोटो वाचणाऱ्यांना कुठला फोटो कुठल्या गटातला ते सांगितलेलं नव्हतं. १९४८ मध्ये निकाल छापून आला. गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. पण हिलच्या मंडळींनी मोजणं थांबवलं नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन गटांतला फरक फारच पुसट झालेला. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. म्हणून क्षयाला दोन-दोन, तीन-तीन औषधं एकदम द्यायची पद्धत पडली.

या सगळ्यात एक गोष्ट मला खुपते, तीही सांगतो. विश्रांतीच्या गटातल्या ५२ जणांना आपण कुठल्या चाचणीत आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्या नावाने पाकीट फोडलं गेलं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आज असं करता येत नाही आणि ते बरंच झालं. ईश्वरचिठ्ठीत उमेदवार समोर उभा असतो.

आता मद्रासला जाऊ. क्षय हा काही उष्ण हवेचा आजार नव्हे, तो थंड देशांतही होता. पण तिकडे घरं सुधारली, पोटाला मिळू लागलं आणि तो इकडे, आपल्यासारख्यांच्या घरात मुक्कामाला राहिला. त्या काळी आपल्याकडे क्षय म्हणजे सॅनेटोरियम. पाचगणी नाहीतर मिरजेची वानलेसवाडी. मोकळी हवा, दूध, अंडी, आरामखुर्ची आणि महिनोन्महिने घरापासून लांब. शेताचा तुकडा विकून माणसाला तिथे ठेवायचं. ज्याच्याकडे तुकडाही नाही, त्याने घरात खोकत बसायचं. देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी. आयसोनियाझिडसारखी स्वस्त गोळी हाताशी आली होती. प्रश्न असा की ही गोळी झोपडीत दिली तर गुण येईल का? का तिला दूध, अंडी आणि आरामखुर्ची सोबत लागेल?

१९५६ मध्ये मद्रासला यासाठी एक केंद्र निघालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यात होते. हिलच्या हाताखाली ब्रिटनमध्ये जी पद्धत तयार झाली, तीच इथे आली. प्रमुख होते वॉलेस फॉक्स नावाचे इंग्रज डॉक्टर आणि तिथल्या संख्याशास्त्रज्ञाचं नाव होतं एस. राधाकृष्ण. राष्ट्रपती झाले ते राधाकृष्णन् वेगळे. ते तत्त्वज्ञ होते. आमचे राधाकृष्ण उरलेल्या गोळ्या मोजणाऱ्यांच्या बाजूचे.

मद्रासच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठी निघेल तसे काही सॅनेटोरियममध्ये गेले, काही आपापल्या घरी राहिले. दोघांनाही औषध तेच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. घरच्यांनी ठरल्या दिवशी केंद्रात येऊन औषध न्यायचं. पण न्यायचं म्हणजे घ्यायचंच, असं कुठे आहे? दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि गोळ्या फळीवर राहतात. तेव्हा केंद्राची माणसं न सांगता घरी जाऊन उरलेला साठा मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघत. संख्याशास्त्र म्हणजे गारेगार खोलीत बसून बेरजा करणं, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावं. मद्रासचं ऊन, चिंचोळी गल्ली आणि कुणाच्या तरी फळीवरची औषधं मोजणारा माणूस.

वर्षाअखेरीला हिशेब झाला. सॅनेटोरियमवाले खात होते बरं, झोपत होते बरं, त्यांचं वजनही जास्त वाढलं होतं. घरचे कोंदट खोलीत राहत होते, मिळेल ते खात होते. आणि आजार शांत झालेल्यांचं प्रमाण सॅनेटोरियममध्ये शेकडा ९२, घरी शेकडा ८६.

आता कुणी म्हणेल, बघा, सहाने कमी! इथे राधाकृष्णांसारख्यांचं काम सुरू होतं. नाणं शंभरदा उडवलं तर बरोबर पन्नास वेळा छापा पडत नाही. कधी ४६ येतो, कधी ५३. एवढ्याशा रुग्णसंख्येत सहाचा फरक हा नुसत्या नाण्याच्या उडण्याने पडू शकतो. त्यावरून घरचा उपचार हलका ठरवता येत नाही. आणि समजा त्यातला काही फरक खरा असला, तरी तुलना कुणाशी करायची? गरीब माणसाला ९२ आणि ८६ यांतून निवडायचं नव्हतंच. त्याला ८६ आणि काहीच नाही, यांतून निवडायचं होतं.

मला विशेष वाटतं ते पुढच्या प्रश्नाचं. बापाला घरी ठेवलं, तर शेजारी झोपणाऱ्या पोरांचं काय? हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी प्रत्येक आईने विचारला असेल. म्हणून दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या घरच्या माणसांवर पाच वर्षं नजर ठेवली. त्या वेळच्या घरांत, पत्ते बदलणाऱ्या वस्त्यांत पाच वर्षं! ज्यांचा बाप घरी राहून औषध घेत होता, त्या कुटुंबांत क्षय जास्त झाला नाही. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असे. रुग्णांचंही पाच वर्षांनी पाहिलं, तेव्हा घर आणि सॅनेटोरियम यांत सांगण्याजोगा फरक उरला नव्हता.

१९६२ मध्ये आपला राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला तो घरी राहून घ्यायच्या औषधांवर. पुढे जगभरची सॅनेटोरियमं एकेक करून बंद झाली किंवा त्यांची दुसरी रुग्णालयं झाली. १९३ गरीब माणसांच्या नावाने फोडलेल्या पाकिटांचा यात मोठा वाटा आहे.

'नवं जुन्यापेक्षा वाईट नाही' एवढंच सिद्ध करणं ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण गरिबाच्या आजारात सगळी मेख तिथेच असते. बिहारमधल्या काळ्या आजाराचं घ्या. आधीच्या औषधाची शिरेतून, एक दिवसाआड अशी १५ इंजेक्शनं, म्हणजे महिनाभर रुग्णालय. मजूर माणूस महिनाभर पडून राहिला तर त्याचं घर जेवणार काय? मुझफ्फरपूरचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४१२ रुग्णांवर चाचणी करून २०१० मध्ये दाखवलं की त्याच औषधाचा, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत घातलेला नवा प्रकार एकदाच दिला तरी शेकडा ९५ हून अधिक बरे होतात, महिनाभराच्या उपचाराइतकेच. एक दिवस आणि एक महिना. आकड्यात बरोबरी, आयुष्यात केवढा फरक.

मघाशी मलेरियाच्या पोराला पाकिटापाशी सोडून आलो होतो. तिकडे जाऊ. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन माणसाने ३०० हून अधिक वर्षं वापरलं. चीनमध्ये सापडलेल्या आर्टेमिसिनिनपासून आर्टेसुनेट हे इंजेक्शन निघालं. या शोधासाठी तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला क्विनीन बरं की आर्टेसुनेट? डॉक्टरांची मतं पुष्कळ होती. मग बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि आपल्या भारतात १,४६१ रुग्णांवर चाचणी झाली. बहुतेक मोठी माणसं. २००५ मध्ये निकाल आला. क्विनीन घेणाऱ्यांत शेकडा २२ दगावले, आर्टेसुनेट घेणाऱ्यांत शेकडा १५.

अशा चाचणीत एक छोटी समिती असते. चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनाही जे दिसत नाही ते तिला दिसतं. पडदा लावून, ठरावीक काळाने, दोन रकाने तिच्यापुढे येतात. इकडचे मृत्यू, तिकडचे मृत्यू. रकाने मांडून देतो तो संख्याशास्त्रज्ञ. मी या माणसाचा पुष्कळ विचार केला. एका रकान्यात जास्त मरणं दिसतायत आणि बाहेर, त्याच दिवशी, कुठल्यातरी वॉर्डात पुढचं पाकीट फुटतंय. लगेच थांबवा म्हणावं, तर तो नाण्याचा खेळही असू शकतो. घाईने थांबवलेल्या चाचणीवर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही आणि चुकीचं औषध चालूच राहील. थांबलं, तर थांबण्याची किंमत कुणीतरी जिवाने देतं. म्हणून किती फरक दिसला की थांबायचं हे पहिला रुग्ण येण्याआधीच लिहून ठेवायचं असतं. तेव्हा डोकं थंड असतं. या चाचणीत समितीने वेळेआधी थांबायला सांगितलं.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. मलेरियाने सगळ्यात जास्त मरतात ती आफ्रिकेतली लहान मुलं. आशियातल्या मोठ्या माणसांचा निकाल त्यांना लागू पडेल कशावरून? मुलांचा आजार वेगळा, पोटातलं औषधाचं गणित वेगळं. म्हणून आफ्रिकेतल्या ९ देशांत पुन्हा चाचणी, पुन्हा पाकिटं, ५,४२५ मुलं. २०१० मध्ये निकाल आला. दोन्ही गट जवळजवळ सारखे. क्विनीनच्या गटात २९७ मुलं गेली, आर्टेसुनेटच्या गटात २३०. वजाबाकी तुम्ही केली असेलच. दुसरी चाचणी हवी होती का, यावर मी स्वतःशी भांडून पाहिलंय. एका बाजूला ती ६७ मुलं आहेत. दुसऱ्या बाजूला, आफ्रिकेतल्या मुलांसाठीही आर्टेसुनेटच द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितलं, त्यानंतर वाचलेली असंख्य मुलं आहेत. त्यांना पाकीट दिसलं नाही, चाचणी दिसली नाही. हिशेब दुसऱ्या बाजूने झुकतो, हे मला पटतं. तरी ६७ चा आकडा पुसला जात नाही आणि पुसला जाऊ नये.

गचांडी धरणाऱ्या बापाला मी मात्र दुसरी चाचणी सांगेन. केनिया, युगांडा, टांझानिया. ताप येऊन अंग गार पडलेली, रक्ताभिसरण मंदावलेली मुलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना मलेरियाच होता. अशा मुलाला शिरेतून भराभर सलाईन चढवायचं, हे श्रीमंत देशांतल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ होतं. केनियात काम करणाऱ्या डॉ. कॅथरीन मेटलंड यांनी हे तपासायचं ठरवलं. एका गटाला सलाईन वेगाने, दुसऱ्याला अल्ब्युमिनचं द्रावण वेगाने आणि तिसऱ्याला वेगाने काहीच नाही, फक्त नेहमीचं थेंब थेंब. तिसरं पाकीट निघालं की आईबापांना काय वाटलं असेल! आपल्या पोराच्या वाट्याला रिकामी चिठ्ठी आली. शिवाय भराभर सलाईन चढवलेली मुलं पहिल्या तासात जास्त टवटवीतही दिसत होती. हातपाय कोमट, नाडी बरी. डॉक्टरच्या डोळ्यांनी पाहिलं तर निकाल लागलेलाच होता.

४८ तासांनी मोजलं. वेगाने द्रव दिलेल्या दोन्ही गटांत शेकडा साडेदहाच्या आसपास मुलं गेलेली. रिकाम्या चिठ्ठीच्या गटात शेकडा ७.३. एकूण ३,१४१ मुलं झाली तेव्हा, २०११ च्या जानेवारीत, समितीने हात वर केला आणि चाचणी थांबली. ज्याला आपण उपचार समजत होतो त्यानेच मुलं जात होती, आणि ते उशाशी बसलेल्या कुणालाही दिसत नव्हतं. दिसलं ते दूर बसलेल्या माणसाच्या रकान्यात.

माणसाचा आकडा करू नका, असं आम्ही कवी मंडळी व्यासपीठावरून सांगत असतो. टाळ्याही मिळतात. पण वरच्या गोष्टीत त्या मुलांचा आकडा कुणी केला नसता तर काय झालं असतं? प्रत्येक आईला सांगितलं गेलं असतं, आम्ही सगळं केलं, तुझ्या नशिबात नव्हतं.

जाता जाता मात्रांविषयी बोलतो, कारण तो माझा प्रांत. मराठीने औषधाच्या प्रमाणाला आणि वृत्तातल्या मोजमापाला एकच शब्द का दिला, मला माहीत नाही, पण दिला ते झकास केलं. मात्रा कमी पडली की ओळ लंगडते. औषधाचंही तेच. ऑक्सफर्डला २००९ पासून एक जाळं काम करतंय. निरनिराळ्या देशांत झालेल्या मलेरियाच्या चाचण्यांतली रुग्णागणिक माहिती ते एकत्र करतात. म्हणजे कुठल्या गावच्या कुठल्या वहीत एका मुलाचं वय, वजन, दिलेल्या गोळ्या आणि नंतर ताप उलटला का, एवढं लिहिलेलं. अशा हजारो ओळी. वह्या वेगवेगळ्या, रकाने वेगवेगळे, एकीकडे वय महिन्यांत, दुसरीकडे वर्षांत. त्या एका मापात आणणं हे संख्याशास्त्रज्ञाचं हमालीचं काम. एकेका चाचणीत लहान मुलं थोडी असतात. त्यांच्यात काही वेगळं घडतंय हे त्यातून दिसत नाही. पण २६ चाचण्यांतल्या ७ हजारांहून जास्त रुग्णांच्या ओळी एकाखाली एक मांडल्या, तेव्हा २०१३ मध्ये दिसलं की मलेरियावरच्या एका चांगल्या जोडऔषधाची मात्रा सगळ्यात लहान मुलांना कमी पडतेय. एक ते पाच वर्षांच्या पोरांना वजनाच्या मानाने औषध कमी जात होतं आणि ताप उलटण्याचं प्रमाण त्यांच्यातच जास्त होतं. औषध वाईट नव्हतं. गोळीचे तुकडे करताना कोणीतरी मोठ्यांच्या मापाने विचार केला होता.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २५ किलोंच्या आतल्या मुलांसाठी त्या औषधाची मात्रा वाढवली. मार्गदर्शिकेच्या तक्त्यातल्या काही ओळी बदलल्या.